ताई, परवा ये!

परवा लग्न. मी रात्रीच्या एसटीनं पुण्याहून बीडला पोचलेली, डोळे सुजलेले, पाठीचा पार भुगा झालेला. आणि भांगात एक ठसठशीत पांढरी रेघ! (हो, एकोणतिसाव्या वर्षी. डेडलाइन्सची कृपा, दुसरं काय.) पण आपल्याला टेन्शन नव्हतं. मावसबहिणीचं बीडमध्ये स्वतःचं पार्लर असल्यावर टेन्शन कसलं? सरळ जाऊन खुर्चीत बसले आणि ऑर्डर सोडली, ‘चल, कलर लाव.’

तर बाईसाहेबांनी काय करावं? माझ्या कानामागे कापसाच्या बोळ्यानं रंगाचा एवढासा ठिपका लावला, मोबाइलमध्ये अलार्म टाकला आणि म्हणाली, ‘ताई, परवा ये.’

‘अगं, परवा लग्न आहे!’

‘म्हणूनच. परवा सकाळी सहाला ये. अठ्ठेचाळीस तास झाल्याबिगर मी कुणालाच लावत नसते. तुला पण नाही.’

मी चिडले. फुकटात काम करून घ्यायला आलेल्या माणसाला चिडायचा हक्क नसतो, तरीही चिडले. तेवढ्यात दोघीजणी आल्या. काळा रंग लावायचा होता, घाई होती. ‘परवा’ ऐकलं आणि आल्या पावली पायऱ्या उतरून गेल्या, थेट रस्त्यापलीकडच्या पार्लरमध्ये.

‘तिकडं देतेत लगेच लावून,’ बहीण म्हणाली.

‘अशा किती जातात गं?’

ती टॉवेलची घडी घालत होती. ‘मोजत नसते मी. मोजलं की मलाच वाटतंय, आपण पण लावून द्यावं.’

तर मंडळी, या आठवड्याचा विषय मला त्या ठिपक्यानं दिलाय. तुमच्या चेहऱ्यावर ब्लीच, गरम वॅक्स आणि धारदार ब्लेड चालवणाऱ्या व्यक्तीनं आधी किती शिकलेलं असावं? आणि ती शिकलीय की नाही, हे कुणी तपासायचं?

स्कूटीला लायसन्स, गालाला नाही

स्कूटी चालवायला लायसन्स लागतं. मेडिकल स्टोअर टाकायला फार्मासिस्ट लागतो. वडापावच्या गाडीलासुद्धा फूड सेफ्टीची नोंदणी लागते. पार्लरला? दुकान म्हणून जे काय कागद लागतील तेवढेच. मुंबईत सलूनला महापालिकेचं लायसन्स घ्यावं लागतं, पण ते जागेचं. कात्री धरणाऱ्या हाताचं नव्हे. राज्यात दुकानांचा २०१७ चा कायदा आला, तेव्हा दहापेक्षा कमी माणसं कामाला असतील तर रजिस्ट्रेशनचीही भानगड ठेवली नव्हती. ऑनलाइन कळवलं की झालं. माझ्या बहिणीच्या दुकानात माणसं किती? ती आणि आरसा!

बरं, शिकायची सोय नाही असंही नाही. आयटीआयमध्ये कॉस्मेटॉलॉजीचा एक वर्षाचा ट्रेड आहे. दहावी पास चालतं, आताच्या अभ्यासक्रमात साधारण १२०० तास. त्वचेची रचना, हत्यारांची निर्जंतुकी, केमिकल्स, सगळं त्यात येतं. २०१५ मध्ये प्रधानमंत्री कौशल्य विकास योजना आली, तिच्यात काहीशे तासांचे कोर्सेस आहेत. त्यांचे निकष ब्युटी अँड वेलनेस सेक्टर स्किल कौन्सिल ठरवते. लीड बँकांच्या ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था ब्युटी पार्लरचा महिना-सव्वा महिन्याचा कोर्स घेतात, तोही फुकट, राहण्याजेवणासकट. आणि मग आहेतच आपले गल्लीबोळातले क्लासेस. ‘सात दिवसांत व्हा ब्रायडल मेकअप आर्टिस्ट!’

एक वर्ष, काहीशे तास, एक महिना, सात दिवस. गंमत अशी, की उद्या दुकान टाकायचं म्हटलं तर चौघींचा हक्क अगदी सारखा. आणि जिनं फक्त रील्स बघितलेत, त्या पाचवीचाही.

कोयता की दोरा?

माझं आजोळ धारूर तालुक्यातलं. बालाघाटाचा डोंगर, पावसावर सगळा भरवसा. दसरा-दिवाळी झाली की निम्मं गाव संसार बांधून ऊसतोडीला निघतं, ते पाच-सहा महिन्यांनीच परततं. मुकादमाकडून उचल घ्यायची आणि ती फिटेपर्यंत ऊस तोडायचा. नवरा-बायकोच्या जोडीला तिकडे ‘एक कोयता’च म्हणतात. मावशी आणि काका वर्षानुवर्षं असे गेले. माझी ही बहीण आजीपाशी राहून बारावी झाली आणि लगेच घरात स्थळांची बोलणी सुरू झाली. लग्न म्हणजे काय, आणखी एक कोयता.

तिनं त्यातून जो रस्ता काढला तो म्हणजे बीडमधला तीन महिन्यांचा ‘ॲडव्हान्स ब्युटी कोर्स’. फी पंधरा हजार. मावशीनं ती उचलीतून दिली. म्हणजे तिच्या पार्लरच्या पहिल्या पैशालाही उसाचाच वास आहे.

क्लासमध्ये हात मात्र मस्त बसला. स्वतःच्या गुडघ्यावर दोरा फिरवून फिरवून ती थ्रेडिंग शिकली. आज तिच्याइतकी सफाईदार भुवई मला पुण्यात कुणी करून दिलेली नाही. पण ब्लीचचा डबा फोडायला शिकवलं, त्यातली चिठ्ठी वाचायला नाही शिकवलं. पावडर जास्त घातली की काम लवकर होतं, असंच तिला सांगितलेलं.

कोर्स झाल्यावर ती एका पार्लरमध्ये हेल्पर म्हणून लागली. हळदीच्या आदल्या दिवशी एक नवरी आली. फेशियल, वॅक्सिंग, ब्लीच, सगळं एकाच दिवशी, आणि तेही घाईत. बहिणीनं पावडर सढळ हातानं घातली. पाच मिनिटांत ती पोरगी ओरडली. संध्याकाळपर्यंत गालावर फोड. पार्लरवाल्या बाईंनी कसलीशी पांढरी ट्यूब लावून तिला घरी पाठवलं. लग्नाच्या फोटोंत तिच्या चेहऱ्यावर फाउंडेशनचा जाड थर आहे, एवढंच मला बहिणीनं सांगितलं. आणि म्हणाली, ‘माझ्या हातानं झालं ते, ताई.’

त्या रात्री तिनं डब्यातली चिठ्ठी पहिल्यांदा उघडली. इंग्रजीत होती. अडलेले शब्द मला फोनवर विचारले. ‘पॅच टेस्ट म्हंजे काय गं?’ मी म्हटलं, थांब, बघून सांगते. मलाही माहीत नव्हतं! आणि मी तर शाळेपासून पार्लरमध्ये जातेय.

आता तिचं स्वतःचं दुकान आहे, भाडं आहे, चार नेहमीच्या बायका आहेत. आणि तिचा मला एकच प्रश्न आहे. ‘दुकान बंद ठेवून वर्षभर आयटीआय करू का? का चाललंय तसं चालू देऊ?’ वर्षभर दुकान बंद म्हणजे भाड्याचा बोजा, गिऱ्हाईक रस्त्यापलीकडे आणि घरात पुन्हा स्थळांची बोलणी. मी पत्रकार ना, मला सगळं माहीत असणार, असा तिचा गोड गैरसमज आहे.

हसू नका, पुण्यातही तेच

‘बीडसारख्या ठिकाणी असंच असणार’ असं वाटत असेल तर माझ्या पायाच्या अंगठ्याची कहाणी ऐका. ऑफिसेसच्या गर्दीतलं एक चकाचक सलून. एसी, ग्रीन टी, पाण्यात गुलाबाच्या पाकळ्या. पेडिक्युअरचे मोजून बाराशे रुपये दिले. चौथ्या दिवशी नखुरडं. आठवडाभर ऑफिसच्या मीटिंग्ज चपला घालून केल्या. नंतर त्या सलूनमधल्या मुलीला सहज विचारलं, तर तिचं ट्रेनिंग दहा दिवसांचं. तेही बहुतेक, कुठलं प्रॉडक्ट कसं विकायचं याचं! हत्यारं दोन गिऱ्हाइकांच्या मधे कशात बुडवतात, यावर ती नुसती हसली.

माझं नखुरड्यावर निभावलं. पण हेपॅटायटिस बीचा विषाणू शरीराबाहेर निदान सात दिवस जिवंत राहू शकतो. एका ब्लेडवर दोन गिऱ्हाइकं म्हणजे काय, याचा हिशोब तुम्हीच करा.

आणि गोष्ट फक्त हत्यारांची नाही. २०२३ च्या सुरुवातीला अकोल्याची एक बातमी आली होती. बायोटेक्नॉलॉजी शिकणाऱ्या एका मुलीनं स्थानिक ब्युटीशियनकडून गोरेपणाची क्रीम घेतली. ती, तिची आई, तिची बहीण, तिघी लावायला लागल्या आणि तिघींच्या किडन्या बिघडल्या. मुंबईच्या केईएममध्ये तपास झाला तेव्हा क्रीममध्ये पारा निघाला. पारा मेलॅनिन तयार होऊ देत नाही, म्हणून चेहरा झटपट उजळतो. पण तो त्वचेतून रक्तात शिरतो आणि तिथून किडनीत. आपल्याकडच्या २०२० च्या कॉस्मेटिक्स नियमांनुसार चेहऱ्याच्या क्रीममध्ये पारा घालताच येत नाही. चुकून आलाच तर दहा लाखांत एक भाग, त्यापुढे नाही. पण नियम डबीला आहे. डबी देणाऱ्या बाईला तो कुणी शिकवला?

स्टिरॉइडच्या मलमांचंही तेच. २०१८ मध्ये केंद्र सरकारनं १४ स्टिरॉइड्सची मलमं शेड्यूल एचमध्ये टाकली, म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत. त्याआधी, आणि खरं सांगायचं तर त्यानंतरही, कुणाच्या ना कुणाच्या ‘स्पेशल ग्लो क्रीम’मध्ये ती सापडतातच. आठवडाभर चेहरा चमकतो, आणि नंतर त्वचा इतकी पातळ होते की साधं ऊनही सोसत नाही.

टेक्ससमधली भुवई

हे सगळं वाचून तुम्ही म्हणाल, सोप्पंय! करा की वर्षभराचा कोर्स कम्पल्सरी. मीही तेच म्हणत होते. मग टेक्ससची एक केस वाचली आणि गाडी जरा अडखळली.

अमेरिकेत ब्युटीच्या कामाला राज्याचं लायसन्स लागतं, आणि ते तासांवर मिळतं. टेक्ससमध्ये आपल्याकडच्या बायका दोऱ्यानं भुवया करायच्या. राज्य म्हणालं, आधी ७५० तासांचा कोर्स करा. आता गंमत बघा, त्या कोर्समध्ये थ्रेडिंग शिकवायची सक्तीच नव्हती! दोरा धरणारीनं शिकायचं काय, तर मेकअप आणि फेशियल. थ्रेडिंगवाले कोर्टात गेले. केसचं नाव ‘पटेल विरुद्ध टेक्ससचं लायसन्स खातं’. जून २०१५ मध्ये टेक्ससच्या सर्वोच्च न्यायालयानं सहा विरुद्ध तीन मतांनी ती अट उडवली. ७५० पैकी निदान ३२० तासांचा या कामाशी आणि सुरक्षिततेशी संबंध नाही, हे सरकारी बाजूलाही नाकारता आलं नव्हतं.

त्यानंतर टेक्ससनं २०२१ मध्ये कॉस्मेटॉलॉजीचे तास १५०० वरून १००० केले. कॅलिफोर्नियानं २०२२ पासून १६०० वरून १००० केले. आणि तिकडे ॲम्ब्युलन्सवर काम करणाऱ्या ईएमटीचं प्राथमिक ट्रेनिंग असतं साधारण दीडशे ते दोनशे तासांचं. जीव वाचवायला दोनशे, केस कापायला हजार! जास्त तास म्हणजे जास्त सुरक्षा, असं समीकरण मग मला तरी मांडता येईना.

लांब कशाला, आपली मुंबई घ्या. हिंदी सिनेमात मेकअप करायचा तर असोसिएशनचं कार्ड लागायचं, आणि त्यांचा नियम असा की मेकअप पुरुषांनी करायचा, बायकांनी फक्त केस बघायचे. चारू खुराना कॅलिफोर्नियातल्या मेकअप स्कूलमधून शिकून आल्या तरी कार्ड मिळेना. कौशल्य होतं, ट्रेनिंग होतं, तरी बाई म्हणून नाही! शेवटी १० नोव्हेंबर २०१४ ला सर्वोच्च न्यायालयानं तो नियम मोडीत काढला. परवाना देणारा शिक्का कुणाच्या हातात आहे, हेही बघावं लागतं ते असं.

आणि कागदाचं मोल काय, हे बीडला नव्यानं सांगायला नको. २०१९ मध्ये विधान परिषदेत सांगितलं गेलं, की तीन वर्षांत एकट्या बीड जिल्ह्यात ४,६०५ बायकांची गर्भाशयं काढली गेली. त्यात ऊसतोडीला जाणाऱ्या कितीतरी. त्यातली प्रत्येक शस्त्रक्रिया चुकीची होती असं नाही. पण डिग्री आणि नोंदणी असल्याशिवाय हातात चाकू धरताच येत नाही, असं हे क्षेत्र. तिथंही बघणारं कुणी नसलं की काय होतं, ते त्या आकड्यात दिसतं. माझ्या मावशीच्या वस्तीवरच्या बायका त्या विषयावर आजही आवाज खाली करून बोलतात.

मग किती तास?

दोन दिवस कानामागे ठिपका घेऊन मी यावर भरपूर डोकं खाजवलं. (ठिपका नाही, डोकं.) आणि माझ्यापुरतं उत्तर हे आलं, की तास कामाच्या नावावर नकोत, कामातल्या धोक्यावर हवेत.

दोरा, मेंदी, वेणी, साडी नेसवणं, साधा हेअरकट. इथं कसलं लायसन्स? फार तर स्वच्छतेचा एक दिवस. वाकडी भुवई महिनाभरात भरून येते. पण रंग, ब्लीच, स्ट्रेटनिंगची केमिकल्स, गरम वॅक्स, ब्लेड, म्हणजे जिथं भाजू शकतं, कापू शकतं किंवा संसर्ग होऊ शकतो, तिथं छोटं पण सक्तीचं ट्रेनिंग हवं. माझ्या मते आठवडा-दोन आठवडे पुरेत. मराठीतून, तालुक्याच्या गावी, दुकान संध्याकाळी उघडता येईल अशा वेळेत, फी परवडेल अशी. शेवटी हातानं करून दाखवायची परीक्षा. लेबल वाचून दाखव. पॅच टेस्ट करून दाखव. हत्यार कसं उकळतेस ते दाखव. पास झालीस तर कार्ड. आणि सुया, लेझर वगैरे सरळ डॉक्टरांकडे. २०२२ मध्ये नॅशनल मेडिकल कमिशननं हेअर ट्रान्सप्लांटच्या बाबतीत डॉक्टरांनासुद्धा बजावलं, की यूट्यूबवर बघणं म्हणजे ट्रेनिंग नव्हे!

ही कल्पना काही जगावेगळी नाही. ब्रिटनमध्ये हेअरड्रेसरला सक्तीचं लायसन्स नाही, १९६४ च्या कायद्यानं केलेलं रजिस्टर ऐच्छिक आहे. पण इंग्लंडमध्ये फिलर्स-बोटॉक्ससारख्या कॉस्मेटिक प्रोसिजर्सना लायसन्स लावायचा अधिकार सरकारनं २०२२ च्या कायद्यानं घेतला. कात्रीला मोकळं सोडलं, सुईवर नजर ठेवली.

‘पण गरीब मुलींवर आणखी एक नियम कशाला?’ हा प्रश्न मलाही पडला होता. त्याचं उत्तर मी बहिणीच्या दुकानातल्या पायऱ्यांवरून उतरताना पाहिलं. पॅच टेस्ट करणारीचं गिऱ्हाईक न करणारीकडे जातं. नियम नसण्याची किंमत फक्त भाजलेली नवरी देत नाही, नीट काम करणारी बाईही देते, रोज, ऐंशी-शंभर रुपयांनी. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ‘परवा ये’ म्हणायची सक्ती असेल, तर माझ्या बहिणीला चांगलं वागायची परवडत नसलेली चैन करावी लागणार नाही.

म्हणून तिला मी सांगितलं, की दुकान बंद करू नकोस. कौशल्य विकास योजनेत काम करणाऱ्यांचं कौशल्य तपासून सर्टिफिकेट देण्याची सोय आहे, आरपीएल म्हणतात तिला. आधी ते बघ. आयटीआयचं पुस्तक मी आणून देते, अडलं की फोन कर. तिनं ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘ते सर्टिफिकेट बघून रंगाच्या बायका थांबतील का?’

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. ते तुमच्याआमच्याकडे आहे. आपण कधी विचारलंय?

लग्नाच्या दिवशी सकाळी सहाला मी पार्लरच्या दारात उभी. तिनं माझा कान टॉर्चनं पाहिला. लाली नाही, खाज नाही, सूज नाही. काहीच झालं नव्हतं. मी म्हटलं, ‘बघ, उगाच दोन दिवस घालवलेस!’

‘हे असंच असतंय,’ ती हातमोजे चढवत म्हणाली. ‘काही नाही झालं की लोकाला वाटतंय उगाच केलं.’

आठला मी मांडवात होते. भांगातली रेघ गायब. तीन मावश्यांनी विचारलं, कुठे केलंस गं? मी पत्ता दिला, आणि वर सांगितलं, ‘पण दोन दिवस आधी जा हं.’

खुर्चीत बसण्याआधी

• हेअर कलर किंवा ब्लीच करायचंय? आधी पॅच टेस्ट मागा. कलरसाठी ४८ तास आधी. गेल्या वेळी काही झालं नव्हतं म्हणून यावेळी टाळू नका, ॲलर्जी नंतरही येऊ शकते.

• ‘झटपट काळी मेंदी’पासून लांब राहा. तिच्यात बऱ्याचदा हेअर डायमधलंच पीपीडी मिसळलेलं असतं.

• ब्लेड नवं आहे ना? पाकीट तुमच्यासमोर फोडायला सांगा. लाजू नका.

• बिनलेबलाच्या डबीतली ‘आमची स्पेशल क्रीम’ नको. कंपनीचं नाव, बॅच नंबर, लायसन्स नंबर आणि घटक बघा.

• लग्नाच्या आदल्या दिवशी नवीन काहीही ट्राय करू नका. अगदी सख्ख्या बहिणीच्या पार्लरमध्येसुद्धा.

• आणि कुणी ‘परवा ये’ म्हणालं, तर प्लीज, परवाच जा.